सत्तर घनफूट पाणी

अण्णांचा हात माझ्या डाव्या खांद्यावर असायचा आणि बघणाऱ्याला वाटायचं, काय बापाची माया आहे लेकीवर. भवानी पेठेतल्या आमच्या बोळापासून मुलांच्या शाळेच्या फाटकापर्यंत आम्ही रोज असे जायचो, सकाळी साडेदहाला जाताना आणि संध्याकाळी पाचनंतर परत येताना. माझ्या उजव्या हातात त्यांच्या वह्यांचं गाठोडं. पायरी आली की मी खांदा किंचित उचलायचे, उतार आला की खाली सोडायचे, समोरून टांगा आला की थबकायचे. ओळखीचं कुणी दिसलं तर ओठ न हलवता पुटपुटायचे, "उजवीकडून किराणावाले," आणि अण्णा त्या बाजूला मान वळवून हसून नमस्कार घालायचे. त्यांचा नमस्कार कधी चुकला नाही. फाटकापाशी खांद्यावरचा हात निघायचा. तिथून वर्गाच्या दारापर्यंत सदतीस पावलं होती, ती ते एकटे चालायचे, ताठ मानेनं, टोपी सारखी करत. मी फाटकाबाहेर उभी राहून बघत राहायचे. त्यांचा हात चौकटीला लागला की मग मी घराकडे वळायचे.

अण्णांना दिसत नाही, ही गोष्ट गावात तीन माणसांना ठाऊक होती. एक ते स्वतः, दुसरी आई आणि तिसरी मी. सगळं एकदम गेलं नव्हतं. आधी कडा गेल्या. "फुंकणीतून बघितल्यासारखं दिसतंय," असं ते आईला म्हणाले होते, आणि आई चुलीपुढची फुंकणी उचलून स्वतःच्या डोळ्याला लावून कितीतरी वेळ बघत बसली होती. मग फुंकणीचं भोकही धुरकट होत गेलं. बाहेरगावच्या एका मोठ्या डॉक्टरनं काचबिंदू म्हणून सांगितलं. गेलेलं परत येत नाही आणि उरलेलं किती दिवस पुरेल ते सांगता येत नाही, एवढंच घेऊन ते परत आले. शाळेत हे कळलं असतं तर नोकरी दुसऱ्या दिवशी गेली असती. म्हणून ते कळू द्यायचं नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे कुणी बसून ठरवलं नाही. एका सकाळी अण्णांनी टोपी घातली, दारात उभे राहिले आणि माझं नाव घेतलं. मी दप्तर खाली ठेवलं आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. त्या दिवसापासून माझी शाळा सुटली. तेरा वर्षांची मुलगी शाळेतून काढली याचं पेठेत कुणाला नवल वाटलं नाही. काय कारण सांगायचं याची आईनं रात्रभर तयारी केली होती, पण ते सांगायची वेळच आली नाही.

अण्णा सहावी-सातवीच्या मुलांना गणित शिकवायचे. परिमिती, क्षेत्रफळ, घनफळ, त्रैराशिक. पुस्तक त्यांना पानापानानं पाठ होतं. फळ्यावर हातानं काढलेलं त्यांचं वर्तुळ इतकं नेटकं यायचं की तपासणीला आलेल्या डिप्टीसाहेबांनी एकदा दोरी लावून पाहिलं होतं. हात शिकलेला होता, त्याला डोळे लागत नव्हते. गणित वाचायचं असलं की ते एखाद्या मुलाला उभं करून वाचायला लावायचे, वाचन सुधारतं म्हणून. मुलं आवाजावरून ओळखायचे. वर्ग असा निभत होता. निभत नव्हत्या त्या वह्या. त्या माझ्याकडे आल्या.

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीची भिंत नरसम्माच्या घराशी सामाईक होती. नरसम्मा आणि तिचा नवरा तेलुगू बोलणारे विणकर, त्यांचा माग त्या भिंतीला टेकून. धोटा इकडून तिकडे जायचा, फणी आपटायची, आणि आमच्या फळीवरची पितळी भांडी दिवसभर बारीक थरथरत असायची. गिरणीचा भोंगा झाला की आई चूल पेटवायची. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी भाकरी आणि खलबत्त्यात कुटलेली शेंगांची चटणी, तेल सुटेपर्यंत कुटलेली. तिचा तिखट वास वह्यांना लागायचा. एकदा वर्गात एका मुलानं वही नाकाला लावून म्हटलं होतं म्हणे, मास्तरांच्या घरी आज काय होतं ते कळतं. अण्णांनी ते घरी येऊन हसत सांगितलं, पण आईनं त्या दिवसापासून मला खलबत्त्यापासून लांब बसवलं.

अण्णांना सोडून आले की बाहेरचं दार लागायचं. दिवसाढवळ्या दार लावून बसणारं घर आमच्या बोळात दुसरं नव्हतं. आई उंबऱ्याच्या आत सूप घेऊन ज्वारी निवडत बसायची, खरं तर पहाऱ्याला. कुणी कडी वाजवली की ती मोठ्यानं विचारायची, "कोण आहे?" आणि तेवढ्यात मी वह्या, लाल शाईची दौत आणि टाक उचलून वळकटीमागे सारायचे. एकदा दौत आडवी झाली. हाताला लागलेला लाल डाग बघून शेजारीण म्हणाली, कापलं का गं पोरीला. आई म्हणाली, हो, विळीनं. मग तीन दिवस मी बोटाला चिंधी बांधून होते. खिडकी बोळाच्या बाजूला होती, पण तिच्यापाशी बसायची मनाई होती. माझ्याबरोबरच्या मुली अकराच्या सुमारास बोळातून शाळेला जायच्या. त्यांचे आवाज यायचे, कोण काय बोलतंय ते कळायचं, आणि मी भिंतीकडे तोंड करून मुलांची गणितं तपासत असायचे. आई वाईट नव्हती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून वह्यांची तिला फार भीती वाटायची. मी एकदा नुसतं म्हटलं की मला जरा बाहेर जायचंय. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "तू उठलीस की हे घर बसलं."

आधी आधी मी वह्या मोठ्यानं वाचायचे, अण्णा बरोबर-चूक सांगायचे, मी खूण करायचे. हे सकाळी, माडगं पिऊन झाल्यावर. हळूहळू चूक ऐकताच मला ती कळायला लागली. जवळजवळ सगळी मुलं परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत करायची. कुंपणाला तार किती लागेल असं विचारलं तर लांबी-रुंदीचा गुणाकार करून टाकायची. अण्णांनी मला ते शिकवलं ते सुतळीनं. चार फूट सुतळीची टोकं बांधून त्यांनी ती जमिनीवर चौकोनी मांडली आणि आत चिंचोके ओतायला लावले. मग तीच सुतळी ओढून लांबट केली, आणखी लांबट केली, शेवटी तेवीस इंच लांब आणि इंचभर रुंद अशी पट्टी उरली. चिंचोके बाहेर सांडत गेले. "सुतळी कमी झाली का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. "मग जागा कुठं गेली?" त्यांना हा प्रश्न फार आवडायचा. बोटांनी सुतळी चाचपत ते माझ्या उत्तराची वाट बघायचे. डोळे असताना त्यांनी मला कधी शिकवलं नव्हतं. मुलगी चौथी-पाचवी शिकली म्हणजे झालं, असं त्यांचं तेव्हा मत होतं. दिसेनासं झालं म्हणून मला गणित मिळालं, हे मी तेव्हाही जाणून होते आणि त्याची मला लाज वाटायची.

मी घर मोजलं. पुढची खोली अकरा फूट लांब, नऊ फूट रुंद. परिमिती चाळीस, क्षेत्रफळ नव्व्याण्णव. आणि मग ध्यानात आलं की हीच खोली दहा बाय दहा बांधली असती तर भिंती तेवढ्याच लागल्या असत्या आणि जागा एक चौरस फूट जास्त झाली असती. हे मी कुणाला सांगितलं नाही. पण त्या न मिळालेल्या एका चौरस फुटाचा विचार मी कित्येक दिवस करत होते. तिथं मी माझी पेटी ठेवली असती, तिच्यात माझं पाचवीचं पुस्तक. आता ऐंशी उलटल्यावर लेकाच्या मोठ्या घरात बसून हे लिहिताना सूनबाई विचारते, एवढ्या जागेत तिघं राहायचात कसं? तिला काय सांगायचं. जागा पुरत होती. बाहेर जाता येत नव्हतं, एवढंच.

वर्षभरात अण्णांनी वाचून घेणं सोडून दिलं. "तू बघ," म्हणायचे. फार वाईट वही असली तरच मी त्यांना विचारायचे. मग महिन्याच्या परीक्षेची गणितंही मीच काढायला लागले. ती मी त्यांना वाचून दाखवायचे, ते मान हलवायचे. त्यातलंच एक गणित हौदाचं. एक दगडी हौद बाहेरून सहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि चार फूट उंच आहे. त्याच्या भिंती आणि तळ सहा इंच जाड आहेत. तर त्यात किती घनफूट पाणी मावेल? हे गणित पुस्तकातलं नव्हतं, माझं होतं. अण्णा ऐकून म्हणाले, छान आहे, मुलांना विचार करावा लागेल. उत्तर काय, ते त्यांनी विचारलं नाही. मी काढून ठेवलं होतं. लांबीतून सहा इंच वजा, रुंदीतून सहा इंच, उंचीतून सहा इंच, आणि तिघांचा गुणाकार. अपूर्णांकाचा किचकट गुणाकार होता, तो मी दोनदा तपासला आणि उत्तर आलं शहाऐंशी पूर्णांक पाच अष्टमांश. उत्तर इतकं अवघड आलं याचाच मला अभिमान वाटला.

वह्या आल्या. निम्म्या मुलांनी भिंतींकडे लक्षच दिलं नव्हतं. सात-आठ जणांचं माझ्याशी जुळलं. एकाच वहीत लिहिलं होतं, सत्तर. बाजूला पायऱ्या नव्हत्या, नुसता आकडा आणि त्याखाली रेघ. ती वही सिद्रामची होती. त्याचं अक्षर वाकडं, पानावर चुन्याचे ठिपके. त्याचा बाप गवंडी होता, आणि शाळा सुटली की पोरगा बापाच्या हाताखाली जायचा, एवढं अण्णांच्या बोलण्यातून मला माहीत होतं. मी त्या सत्तरवर लाल फुली मारली. टाकात शाई जास्त आली होती, फुली जरा मोठीच झाली.

वह्या वाटल्या त्या संध्याकाळी परत येताना अण्णांचा हात खांद्यावर जड वाटला. निम्म्या वाटेवर ते म्हणाले, "आज मी एकाला छडी मारली." अण्णा मारणारे मास्तर नव्हते. छडी त्यांच्या टेबलावर असायची ती फळ्यावर दाखवण्यापुरती. तुकड्या-तुकड्यानं कळलं ते असं. वह्या वाटल्यावर सिद्राम उभा राहिला आणि माझं बरोबर आहे म्हणाला. अण्णा म्हणाले, खाली बस. तो बसला नाही. तो वही घेऊन टेबलापाशी आला आणि उघडून त्यांच्या तोंडासमोर धरली. बघा म्हणाला, तुम्हीच बघा मास्तर. सगळा वर्ग बघत होता. अण्णांना समोर नुसता पांढरट धुरळा दिसत होता. त्यांनी वही बाजूला सारली, तर त्यानं ती पुन्हा धरली. तेव्हा त्यांनी छडी उचलली आणि हात पुढे कर म्हणाले. दोन मारल्या. पोरगं हात मागं न घेता उभं राहिलं.

"त्याला मोठ्यानं वाच म्हणालो असतो तरी चाललं असतं," अण्णा म्हणाले. "ते सुचलंच नाही."

मला त्या वेळी काय वाटलं ते खरं सांगते. मला बरं वाटलं. माझी फुली टिकली, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नरसम्मानं हाक मारली. तिच्या मागच्या अंगणात सूत भिजवायची दगडी कुंडी होती, ती हलवायला हात लावायचा होता. आई हो म्हणाली, कारण भिंतीपलीकडे जाणं म्हणजे बाहेर जाणं नव्हतं. कुंडी मोठी, मी एका बाजूनं कड धरली, नरसम्मानं दुसऱ्या बाजूनं. माझी चार बोटं कुंडीच्या आत होती आणि अंगठा बाहेर, मध्ये दगड. समोर नरसम्माची चार बोटं आत, अंगठा बाहेर, मध्ये दगड. मी तशीच उभी राहिले. नरसम्मा तेलुगूत काहीतरी म्हणाली, मग मराठीत म्हणाली, उचल की गं. मला उचलवेना. हौदाला या बाजूला भिंत होती आणि त्या बाजूलाही होती. लांबीतून सहा इंच दोनदा जायला हवे होते. रुंदीतूनही दोनदा. तळ तेवढा एक. पाच, चार आणि साडेतीन. गुणाकार तोंडी झाला, कुंडी हातात असतानाच. सत्तर.

मी कुणाला काही बोलले नाही. घरी आले, आईनं दिलेली भाकरी खाल्ली, वह्या घेऊन बसले. संध्याकाळी अण्णांना आणायला गेले. वाटेत ते म्हणाले, सिद्राम आज आला नव्हता. मी म्हटलं, हो का. पुढच्या दिवशीही तो आला नव्हता, आणि त्याच्या पुढच्याही. अण्णा रोज सांगायचे आणि मी रोज खांदा उचलत, खाली सोडत त्यांना घरी आणायचे. सांगायचं नाही असं मी ठरवलं नव्हतं. पण सांगितलं तर वह्या जातील अशी भीती होती. माझी चूक निघाली म्हणजे ते पुन्हा एकेक ओळ वाचून घेतील, नाहीतर दुसरं कुणी शोधतील, आणि मग मला नुसता खांदा तेवढा उरेल. ज्या वह्यांनी मला कोंडून घातलं होतं त्या सोडायला मी तयार नव्हते. चौथ्या दिवशी तर मी त्या आठ वह्यांतल्या चुकीच्या उत्तरांपुढच्या बरोबरच्या खुणा पुसता येतील का हे पाहिलं. लाल शाई पुसत नाही.

शनिवारी अर्धी शाळा होती. घरी येऊन अण्णा पाय धुऊन बसले आणि आईला म्हणाले, त्या पोरानं शाळा सोडली वाटतं, उद्धटच होता. त्यांचा आवाज ऐकून मला कळलं की ते स्वतःची समजूत घालत आहेत. मी जवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "अण्णा, सिद्रामचं उत्तर बरोबर होतं. मी एकच भिंत धरली."

त्यांच्या उजव्या हाताचं बोट जमिनीवर फिरायला लागलं, आधी एक चौकोन, मग आत दुसरा. सगळं तपासून झाल्यावर बोट थांबलं. मला वाटलं, आता मारतील. आईनं चुलीपुढून येऊन माझ्यामागे उभं राहून माझा दंड धरला. अण्णांनी विचारलं, "कधी कळलं तुला?" मी म्हटलं, मंगळवारी. "मंगळवारपासून गप्प होतीस," ते म्हणाले. मग आईकडे तोंड करून म्हणाले, "आणि मी वर्षापासून."

रविवारी सकाळी आम्ही सिद्रामच्या बापाला शोधत गेलो. गिरणीच्या चाळींपलीकडे कुणाचं तरी नवं घर चाललं होतं. दगडाचा चौथरा झाला होता आणि भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. सिद्राम चुन्याची घाणी ढवळत होता, अंगभर पांढरा. बाप ओळंबा धरून भिंतीवर उभा होता. मास्तर आलेले बघून तो खाली उतरला आणि हात पुसत पुढे आला. खाली खडी पसरली होती. मी खांदा उचलायला विसरले आणि अण्णा ठेचकाळले. गवंड्यानं त्यांना दंडाला धरून सावरलं, त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग डोळ्यांपुढून आपला हात एकदा हळूच फिरवला. मी ते बघितलं. अण्णांना ते कळलं नाही.

"सिद्राम कुठं आहे?" अण्णांनी विचारलं. तो दहा हातांवर उभा होता.

"हितं हाय की," बाप म्हणाला.

अण्णा आवाजाच्या दिशेनं वळले, पण पोरगं दुसऱ्या बाजूला होतं. ते त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून बोलले. म्हणाले, तुझं उत्तर बरोबर होतं. सत्तरच. मी तुला विनाकारण मारलं. "मी तुझी वही बघितली नव्हती. मला दिसत नाही."

घराबाहेर हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. घाणीपाशी काम करणारे दोघं थांबले. सिद्राम म्हणाला, "मला ठावं हाय सत्तर हाय ते." तेवढंच. मग बापानं विचारलं, मग वह्या कोण तपासतं? अण्णांचा हात माझ्या खांद्यावरच होता आणि तो सुटत नव्हता. मी म्हटलं, मी.

सिद्रामनं तेव्हा माझ्याकडे पाहिलं. माझ्याहून वर्षभरानं मोठा असेल. रागानं नव्हे, एखाद्या चुकलेल्या बांधकामाकडे बघावं तसं. म्हणाला, "हौदाला दोनी बाजूनं भित असतीया की." मी म्हटलं, आता माहीत आहे.

गवंड्यानं आम्हाला दगडावर बसवलं, पाणी दिलं. तो म्हणाला, "मास्तर, मी पोराला कामावर बलावलं न्हाय. त्योच आला. जायाचं का न्हाय त्येचं त्यो बगंल." मग म्हणाला, "पर तुमी सोता चालत आला. लई झालं." परत येताना वाटभर अण्णांनी कुणालाही नमस्कार घातला नाही. मीही कुणाचं नाव पुटपुटले नाही.

सिद्राम मंगळवारी शाळेत आला. शेवटच्या ओळीत जाऊन बसला. वर्ष संपेपर्यंत त्यानं अण्णांच्या तासाला एकदाही हात वर केला नाही. अण्णा मुद्दाम त्याचं नाव घेऊन विचारायचे, तो उभा राहायचा, उत्तर सांगायचा आणि बसायचा. त्याला राग होता का, हे मला कधी कळलं नाही. आपण क्षमा मागितली म्हणजे समोरच्यानं ती द्यायलाच हवी असं थोडंच आहे.

सोमवारीच अण्णा हेडमास्तरांच्या खोलीत गेले. या वेळी मी फाटकाबाहेर न थांबता दारापर्यंत गेले होते. आतून बोलणं ऐकू येत नव्हतं. मला मात्र एकच वाटत होतं, आणि ते मी आज कबूल करते. मला वाटत होतं, आता लपवायचं काही राहिलं नाही, म्हणजे दार उघडेल. अण्णांची नोकरी जाईल, ते घरी बसतील, वह्या संपतील, आणि मी अकराच्या सुमारास बोळातल्या त्या मुलींमधून दप्तर घेऊन चालायला लागेन. चौदा वर्षांच्या मुलीला एवढंच दिसतं. घरी बसलेल्या आंधळ्या माणसाला दिवसभर कोण लागतं, हा हिशेब मी केलाच नव्हता.

अण्णा बाहेर आले ते ठरवूनच आले होते. हेडमास्तर भला माणूस होता. वर्षाच्या मध्ये नवा मास्तर कुठून आणायचा हीही त्याची अडचण होती. एप्रिलपर्यंत अण्णांनी शिकवावं, मुलीनं वर्गात येऊन फळ्यावर लिहावं, वह्या तिथंच सगळ्यांदेखत तपासाव्यात. मात्र मुलीनं नीट लुगडं नेसून यावं, स्टुलावर बसावं, आणि वर्गात बोलू नये. मुलांची शाळा आहे. अण्णा हो म्हणून आले होते. मला कुणी विचारलं नव्हतं.

पुढचंही इथंच सांगून टाकते. एप्रिलनंतर अण्णांची नोकरी सुटली. ते घरी शिकवण्या घेऊ लागले आणि मी त्यांच्याजवळ आणखी अकरा वर्षं होते, आधी लेक म्हणून आणि मग पुष्कळशी त्यांची सवय म्हणून. सातवीच्या फायनलची परीक्षा मी एकविसाव्या वर्षी बाहेरून दिली. नोकरी मिळाली ती मुलींच्या शाळेत, गणिताची. त्याला लोक सुटका म्हणतात. मी म्हणत नाही. त्या अकरा वर्षांतली पुष्कळशी मला परत नको आहेत, आणि काही मी कुणाला देणार नाही.

तर मी आईचं जुनं लुगडं नेसून शाळेत जायला लागले. ते मला मोठं व्हायचं, निऱ्या पायात यायच्या. चाळीस मुलं आणि मी. स्टूल फळ्याला लागून होतं, त्याच्यावर बसलं की समोर सगळी तोंडं आणि मागं फळा. पहिले काही दिवस मुलं माझ्याकडेच बघत. कुणी खडू फेकून मारी, कुणी माझी लिहायची ढब काढून दाखवी. मग सवय झाली आणि त्यांना मी दिसेनाशी झाले. अण्णा बोलायचे, मी लिहायचे. मी शाळेतच होते, पण विद्यार्थी नव्हते. ते विचारायचे आणि मला उत्तर येत असायचं. तोंड मिटून, खडू धरून मी मुलांनी चुकण्याची वाट बघायचे. घरी दार लावून बसण्यापेक्षा हे जास्त कठीण होतं. घरी निदान कुणी प्रश्न विचारत नव्हतं.

फाल्गुन लागला होता, वर्गाची कौलं तापायला लागली होती. त्या दिवशी प्रमाणाचा धडा होता. अण्णांनी गणित घातलं. एक गोल पार आहे. दुसरा त्याच्या दुप्पट रुंद आहे. पहिल्या पाराला जेवढी फरशी लागली, दुसऱ्याला तिच्या किती पट लागेल? मी फळ्यावर दोन वर्तुळं काढली, एक लहान, एक मोठं. सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, दुप्पट.

"कशावरून?" अण्णांनी विचारलं.

दुप्पट रुंद आहे म्हणून, पुढच्या ओळीतला एक मुलगा म्हणाला. अण्णांनी पुन्हा विचारलं, कशावरून. शेवटच्या ओळीत सिद्राम खाली बघत होता. त्याला येत असणार, पण तो बोलणार नव्हता. अण्णा हात मागं बांधून उभे होते, खिडकीतून येणारं ऊन त्यांच्या उघड्या डोळ्यांवर पडलं होतं. असे ते खूप वेळ थांबू शकायचे. बाहेर चौकात घागर भरल्याचा आवाज येत होता. माझ्या हातात खडू होता.

मी स्टुलावरून उठले. निरी पायाखाली आली, ती सोडवली. आणि फळ्याकडे नव्हे, वर्गाकडे तोंड करून म्हटलं, "भाकरी दुप्पट रुंद थापली आणि जाडी तीच ठेवली, तर दुप्पट पीठ पुरत नाही. चौपट लागतं."

एक-दोघं फिसकन हसले. बाकीचे माझ्याकडे बघायला लागले, पहिल्या दिवशी बघत होते तसे. दाराबाहेर व्हरांड्यात कुणाच्या तरी चपला थांबल्या, त्या हेडमास्तरांच्या आहेत हे मला आवाजावरून कळलं, म्हणजे अण्णांनाही कळलं असणार. त्यांनी दाराकडे किंचित मान वळवली. मी खडू स्टुलावर ठेवला आणि आता घरी जायचं असं मनाशी धरलं.

अण्णांनी मान परत वर्गाकडे वळवली.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "मागच्यांना ऐकू आलं नाही."